पुढच्या चाकांतला प्ले: वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात टायरच्या झिजेबद्दल लिहिताना पुढच्या सस्पेन्शनचा विषय ओघात आला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. घरी गाडीचं काम करणाऱ्यांची संख्या वाढते आहे याचा मला मनापासून आनंद आहे. एक काळजीही वाटते. पुष्कळ पत्रांत दोष कुठे आहे हे ठरायच्या आधीच पार्ट विकत आणलेले दिसतात. वर्कशॉपमध्ये मुलांना शिकवताना माझा एक नियम असे: प्ले (म्हणजे झिजेमुळे आलेली सैल हालचाल) कुठल्या जोडात आहे ते वहीत लिहायचं, मला दाखवायचं, मगच पान्याला हात लावायचा. खालची उत्तरंही त्याच क्रमाने वाचावीत.

माझी छोटी हॅचबॅक अकरा वर्षांची आहे. खडबडीत रस्त्यावर पुढून डावीकडे कट-कट असा आवाज येतो. दोन्ही लिंक रॉड मी स्वतः बदलले, तरी आवाज तसाच आहे. आता लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणू की शॉक ॲब्सॉर्बर?

आत्ता काहीच आणू नका. एक सुटीची सकाळ तपासणीला द्या आणि मदतीला एक माणूस घ्या.

जमीन सपाट आणि टणक हवी. मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचर लावा, हँडब्रेक ओढा, पुढची बाजू उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. जॅक फक्त उचलायला असतो. त्याचं सील कधी सुटेल हे बाहेरून कळत नाही, म्हणून निव्वळ जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. स्टँडवर टेकवल्यावर गाडीला बाजूने जोरात ढकलून पाहा. हलायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे.

आता चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे धरून आत-बाहेर हलवा. मग तीन आणि नऊच्या जागी धरून तसंच करा. फक्त आडवं हललं तर संशय टाय रॉड एंड किंवा रॅक एंडवर, म्हणजे स्टेअरिंगच्या रॉडच्या बाहेरच्या किंवा आतल्या जोडावर. उभं हललं तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) किंवा व्हील बेअरिंग. दोन्हीकडे सारखंच हललं तर बहुधा बेअरिंग. उभ्या प्लेचा निकाल लावायची सोपी युक्ती आहे. मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. ब्रेक दाबला की डिस्क कॅलिपरमार्फत नकलला (चाक ज्यावर बसतं त्या धातूच्या तुकड्याला) जखडली जाते आणि बेअरिंगचा प्ले लपतो. म्हणजे ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा, तरीही हलत राहिलं तर बॉल जॉइंटचा किंवा त्याच्या आसपासचा.

तुमच्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब, असणार. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४०च्या दशकात आखलेली ही रचना १९५० साली फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांमुळे सगळीकडे पोचली, आणि आज बहुतेक लहान गाड्यांत तीच असते. तिच्यात गाडीचं वजन स्प्रिंगमधून थेट वरच्या माउंटवर जातं. खालचा बॉल जॉइंट वजन पेलत नाही, तो चाकाला जागेवर धरतो. त्यामुळे चाक लोंबकळत असताना तो सैलच असतो. टायरखाली लांब पहार घालून चाक वर उचकटा आणि दुसऱ्याने जॉइंटकडे बघावं, प्ले उघड दिसतो. एखाद्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसत असेल तर मात्र उलटं करावं लागतं. तिथे लोंबकळणाऱ्या चाकात स्प्रिंगच जॉइंटला घट्ट दाबून धरते आणि झिजलेला जॉइंटही चांगला वाटतो. अशा गाडीत जॅक आर्मखाली, जॉइंटच्या जवळ लावून स्प्रिंगचा भार काढायचा आणि मग तपासायचं.

पुढे लोअर आर्मचे बुश, म्हणजे त्याचे रबरी जोड. आर्म आणि सबफ्रेम (आर्म जिला जोडलेला असतो ती चौकट) यांच्यामध्ये पहार घालून हलकेच ताण द्या. रबर थोडं हलणारच, ते हलण्यासाठीच असतं. वरवरच्या बारीक भेगा वयाच्या असतात, त्यांना घाबरू नका. रबर धातूपासून सुटलेलं दिसलं किंवा आर्म मागेपुढे सरकून ठक्क आवाज आला, तर बुश गेला. ब्रेक मारताना एकदाच ‘ठक’ आणि ब्रेक सोडताना पुन्हा एकदा, ही मागच्या बुशची खास खूण.

तुमचा आवाज डावीकडून, बारीक खड्ड्यांवर आणि कट-कट असा आहे. म्हणून माझा संशय स्टॅबिलायझर बारला (वळताना गाडी फार कलू न देणारी आडवी सळई, लिंक रॉड तिच्याच टोकांना असतात) सबफ्रेमवर धरून ठेवणाऱ्या डी-बुशवर आहे. लिंक बदलताना तो सहसा कोणी पाहत नाही. बार हाताने धरून वर-खाली हलवा. हे करताना दोन्ही चाकं एकाच उंचीवर हवीत, दोन्ही हवेत किंवा दोन्ही जमिनीवर. एकच चाक उचललं की बारला पीळ बसतो आणि लिंकचा, बुशचा सगळा प्ले त्या ताणाखाली दडतो. तरीही शंका उरली तर दोन्ही लिंक पूर्ण काढून ठेवा आणि मोकळ्या रस्त्यावर अगदी हळू एक फेरी मारा. वळताना गाडी नेहमीपेक्षा जास्त कलेल, म्हणून वेग वाढवू नका. आवाज गेला तर दोष बार, बुश आणि लिंक या तिघांतच आहे. राहिला तर वरचं माउंट पाहा.

टाय रॉड एंड घरी बदलायचा आहे. नट काढला, पण एंड नकलमधून सुटतच नाही. हातोडीने खालून ठोकू का?

एंडच्या पिनेच्या तोंडावर ठोकू नका. आटे फुलतील आणि मग तो कशानेच निघणार नाही.

या पिनेचा आकार निमुळता असतो आणि ती तशाच निमुळत्या भोकात दाबून बसलेली असते. तिला धरून ठेवतो तो हा निमुळतेपणा, नट फक्त दाब देतो. म्हणून नट काढल्यावरही ती जागची हलत नाही. सुटण्यासाठी जोर नव्हे, झटका लागतो. काढलेला नट दोन-तीन आटे परत चढवून ठेवा, म्हणजे सुटताना रॉड उसळून अंगावर येणार नाही. नकलच्या ज्या डोळ्यात पिन बसते त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोडीने खणखणीत दोन-चार घाव घाला. क्षणभर तो डोळा अंडाकृती होतो आणि पिन टक्कन खाली येते. डोळ्यांवर गॉगल हवाच. नकल ॲल्युमिनियमची असेल तर हातोडी अजिबात नको, तिथे स्क्रूचा पुलरच वापरा. दुशाखी पाचर मिळते तीही चालते, पण ती रबरी बूट फाडते. जुना एंड टाकूनच द्यायचा असेल तेव्हाच तिचा उपयोग. बॉल जॉइंट परत बसवायचा असेल तर तिला हात लावू नका.

एक महत्त्वाचं काम मात्र पिन सोडवायच्या आधीचं आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही म्हणून लिहितो. आटे तारेच्या ब्रशने साफ करा, गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. पिन नकलमध्ये बसलेली असतानाच चेक नट (एंडला रॉडवर जखडणारा) ढिला करा, कारण तेव्हा रॉड धरून ठेवायला आधार असतो. नट पाव फेराच मागे घ्या आणि त्याच्या जागेवर पांढऱ्या रंगाची रेघ मारा. मग बॉलच्या मध्यापासून चेक नटपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. बरेच जण एंड काढताना फक्त फेरे मोजतात. तेही मोजा, पण नवा एंड दुसऱ्या कंपनीचा असला तर त्याची लांबी थोडी वेगळी असू शकते. तेव्हा फेरे फसवतात, अंतर फसवत नाही.

या मापाला एवढं महत्त्व का, ते आकड्यात पाहा. आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर आणि नकलचा हात १५ सेंटिमीटर धरला, तर एंडच्या एका पूर्ण फेऱ्याने चाक अर्ध्या अंशाहून थोडं जास्त वळतं. १४ इंची रिमच्या काठावर मोजलं तर हा फरक साडेतीन मिलिमीटरचा होतो. टो, म्हणजे चाकांच्या पुढच्या काठांचं आत किंवा बाहेर वळणं, साधारण एक-दोन मिलिमीटरच्या हिशोबात लावतात, त्यात साडेतीनची चूक फार मोठी. टायरच्या नक्षीची धार करवतीसारखी होते आणि काही आठवड्यांत टायर हाताला खरखरीत लागू लागतो.

नवा एंड बसवताना भोक आणि पिन कोरडी, स्वच्छ ठेवा. निमुळत्या भागाला ग्रीस लावू नका. नट आवळताना पिन सोबत फिरू लागली तर खालून जॅकने हलका दाब द्या, निमुळता भाग धरतो आणि नट बसतो. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा. किल्ल्यासारखे खाचे असलेला नट असेल आणि भोक जुळत नसेल, तर पुढे आवळून जुळवा, मागे कधीही घेऊ नका. स्प्लिट पिन नवीनच घाला. नायलॉनचा नट असेल तर तोही नवीन. शेवटी चेक नट आवळताना बॉल त्याच्या खोबणीत मधोमध राहील असा एंड धरा, नाहीतर नटासोबत तो एका अंगाला कलतो आणि स्टेअरिंग पूर्ण वळल्यावर अडतो.

एवढं सगळं नीट केलंत तरी अलाइनमेंट करून घ्यावीच लागते. हे काम घरी पूर्ण होत नाही. तुमचं माप तुम्हाला अलाइनमेंटच्या मशीनपर्यंत सुखरूप नेतं, त्याचं काम तेवढंच.

दोरी बांधून घरी अलाइनमेंट करता येते असं ऐकलं. खरं का?

टोपुरतं खरं. गाडीच्या दोन्ही बाजूंना मागच्या-पुढच्या चाकांना समांतर दोऱ्या ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या काठाचं अंतर मोजतात. काळजीपूर्वक केलं तर मिलिमीटरभर अचूकता मिळते. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं आडवं अंतर सहसा वेगळं असतं, तो फरक धरला नाही तर सगळी मापं चुकतात. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल), कॅस्टर (स्टेअरिंगच्या आसाचा पुढे-मागे कल) यांचं दोरी काहीच सांगत नाही. करून बघा, शिकायला छान आहे. नंतर मशीनवर जाच.

दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर गळतात. मित्राकडे हुकांचे दोन स्प्रिंग कॉम्प्रेसर आहेत. स्ट्रट काढून, स्प्रिंग दाबून शॉक स्वतः बदलायचा विचार आहे. टिप्स द्याल का?

तुमचा उत्साह मला समजतो, आणि तरीही तुम्हाला यापासून थांबवण्यासाठी मी ही जागा वापरणार आहे.

११०० किलोच्या गाडीचं साठ टक्के वजन पुढे धरा. एकेका पुढच्या स्प्रिंगवर तीनशे किलोच्या आसपास भार येतो. गाडी उचलली की स्प्रिंग बरीच मोकळी होते, पण स्ट्रट पूर्ण लांबला तरी ती थोडी दाबलेलीच राहते. वरचा मधला नट तिला अडवून धरतो. तो नट काढायचा तर स्प्रिंग आणखी दाबावी लागते, म्हणजे तुमच्या हातांत आणि चेहऱ्यासमोर शेकडो किलोचा ताण दोन बारीक हुकांवर तोललेला असतो. हुक तेलकट वेटोळ्यावरून घसरला, किंवा दोन्ही बाजू सारख्या दाबल्या गेल्या नाहीत आणि स्प्रिंग धनुष्यासारखी वाकली, तर ती सुटते. माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. हाताची बोटं आणि जबडा यांच्या इजा यातून होतात, जीवही जाऊ शकतो.

म्हणून काम वाटून घ्या. स्ट्रट गाडीतून काढण्याचं काम खुशाल घरी करा. खालचे नकलचे दोन बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर रेघा मारा, कारण पुष्कळ गाड्यांत कॅम्बर त्याच बोल्टवर ठरतो. ब्रेकचा होज आणि एबीएस सेन्सरची वायर स्ट्रटवरून आधी सोडवा. कॅलिपर काढावा लागला तर तो तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. नकल बाहेरच्या बाजूला कलंडू देऊ नका, ड्राइव्ह शाफ्ट ताणला जाऊन आतला जॉइंट निसटतो. वरचे माउंटचे तीन नट शेवटी काढा आणि तेव्हा स्ट्रटला हाताचा आधार द्या. मधल्या नटाला मात्र हात लावायचा नाही. काढलेला स्ट्रट अखंड उचला आणि ज्यांच्याकडे भिंतीला किंवा पायावर पक्का बसवलेला प्रेस आहे त्यांच्याकडून स्प्रिंग उतरवून शॉक बदलून घ्या. काही गाड्यांसाठी शॉक, स्प्रिंग आणि माउंटसह तयार जोडलेला स्ट्रट मिळतो. तो मिळाला तर हा प्रश्नच उरत नाही.

दोन्ही बाजूंचे शॉक एकत्र बदला. जुनं माउंट आणि त्यातलं बेअरिंग परत घालू नका.

उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं की टंग असा आवाज येतो, जणू तार तुटली. चालताना काही नाही.

स्ट्रटच्या वरच्या माउंटमधलं बेअरिंग जाम झालंय असं वाटतं. स्टेअरिंग फिरलं की स्प्रिंगने त्या बेअरिंगवर अलगद फिरायला हवं. ते अडकलं की स्प्रिंगला पीळ बसत जातो आणि मग ती एकदम सुटते. मदतनिसाला स्टेअरिंग हळू फिरवायला सांगा आणि तळहात स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला टेकवा. वेटोळ्यांच्या फटीत बोटं घालू नका. उडी हाताला जाणवेल. वर बॉनेटखाली माउंटच्या टोपीवर बोट ठेवलं तरी कळतं. लगेच धोका नाही, पण स्टेअरिंग आपोआप सरळ यायला कुरकुर करू लागलं तर लांबणीवर टाकू नका.

मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काका, घरच्या जुन्या गाडीवर मला हे काम शिकायचं आहे. बाबा म्हणतात, तुला जमणार नाही, हात दुखतील. सुरुवात कशाने करू?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. या कामात ताकदीपेक्षा लांब हँडल आणि योग्य क्रम यांचं महत्त्व जास्त आहे. दोन फुटी पान्यावर १५ किलोचा जोर दिलास तर जवळजवळ ९० न्यूटन-मीटर होतात, आणि छोट्या गाडीचे चाकाचे नट साधारण त्याच टप्प्यात आवळलेले असतात. हे तुला नक्की जमेल.

पहिले दोन महिने काहीही बदलू नकोस. चाक काढ, पाहा, पुसून घे, परत बसव. लोअर आर्म कुठून कुठे जातो, लिंक कशाला जोडलेली आहे, रॅकचा रबरी बूट कुठे आहे, याचं चित्र वहीत काढ. गाडी जमिनीवर, इंजिन बंद आणि किल्ली स्टेअरिंगचं लॉक सुटेल एवढीच फिरवलेली असताना बाबांना स्टेअरिंग इंचभर डावी-उजवीकडे हलवायला सांग आणि तू टाय रॉड एंडवर बोटं ठेव. रॉड हलल्यानंतर नकल जरा उशिरा हलली तर तो उशीर बोटांना कळतो. बाबांनाही बोटं ठेवू दे. मला वाटतं त्यानंतर ते तुझ्याबरोबर खाली वाकून बघतील.

खरेदीत सगळ्यात आधी दोन स्टँड, चाकाच्या पाचरी आणि गॉगल. नंतर टॉर्क पाना. रॅचेटचा मोठा संच सगळ्यात शेवटी.

लोअर आर्मचे नवे बुश वर्षाच्या आत फाटले. पार्ट बनावट होता का?

असूही शकतो, पण आधी एक विचारतो. बोल्ट आवळले तेव्हा चाक लोंबकळत होतं का? या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, पिळलं जातं. चाक हवेत असताना बोल्ट घट्ट केला की ती लोंबकळलेली स्थितीच रबराची विश्रांतीची स्थिती ठरते. गाडी जमिनीवर आली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी हाताने बसवायचे, मग आर्मखाली जॅक लावून गाडी स्टँडवरून जेमतेम सुटेपर्यंत वर घ्यायची, आणि त्या स्थितीत टॉर्क द्यायचा. वर्कशॉपांतसुद्धा घाईत हे राहून जातं.

रॅकच्या बुटात तेल साठलेलं दिसलं. नवा बूट घातला तर चालेल ना?

नाही. हायड्रॉलिक स्टेअरिंग असेल तर ते तेल रॅकच्या आतल्या सीलमधून आलं आहे. नवा बूट ते फक्त लपवेल. इलेक्ट्रिक स्टेअरिंगमध्ये तेल नसतंच, तिथे ओलं दिसलं तर बूट फाटून पाणी शिरलं असेल किंवा आतलं ग्रीस वितळलं असेल. बूट नुसता फाटलेला आणि आत कोरडं असेल तर लगेच बदला, कारण धूळ आत गेली की रॅक एंड झपाट्याने झिजतो. रॅक उतरवायचं काम घरी काढू नका. स्टेअरिंगचा शाफ्ट सुटलेला असताना वरचं स्टेअरिंग व्हील फिरलं तर एअरबॅगची गुंडाळलेली वायर तुटते.

सगळं बदललं, अलाइनमेंट केली, तरी गाडी डावीकडे ओढते.

दोन्ही पुढच्या टायरची हवा थंड असताना मोजा. बरोबर असेल तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी घाला, फक्त त्यांची नक्षी एका दिशेची नाही ना हे पाहून. ओढणं आता उजवीकडे गेलं तर दोष टायरमध्येच आहे. गेलं नाही तर दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरत चालवा आणि थांबल्यावर दोन्ही रिमांजवळ हात न्या, टेकवू नका. डावं चाक जास्त तापलेलं असेल तर कॅलिपर अडकतो आहे. यातही काही सापडलं नाही तर अलाइनमेंटचा छापील कागद काढा आणि दोन्ही बाजूंचा कॅस्टर व कॅम्बर शेजारी-शेजारी ठेवून बघा. डाव्या-उजव्यात मोठा फरक दिसला तर वाकलेला आर्म किंवा सरकलेला सबफ्रेम शोधा. तो कागद पुढच्या पत्रासोबत पाठवलात तर मी आकडे पाहून कळवेन.